भाड्याचा कागद घेऊ, की गाडीच बंद करू?

पत्राचा गोषवारा (नाव-गाव वगळून): सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या, किनाऱ्यावरच्या एका नगर परिषदेच्या गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ३६ वर्षांच्या. सकाळी एसटी स्टँडच्या बाहेर घावणे-चटणी आणि काळ्या वाटाण्याची उसळ, संध्याकाळी जेटीकडच्या रस्त्यावर तेच आणि सोलकढी, शनिवार-रविवारी कोंबडी-वडे. हातगाडी मूळची सासूबाईंची. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या आणि गाडी सुनेकडे आली. यजमान ट्रॉलरवर खलाशी आहेत. गेल्या महिन्यात नगर परिषदेनं फलक लावला: विक्री प्रमाणपत्र नसलेल्या हातगाड्या सात दिवसांत हटवा, नाहीतर जप्ती. मागच्या सर्वेक्षणात सासूबाईंचं नाव लागलं होतं, त्याची पोच घरात आहे, पण प्रमाणपत्र कधी हातात पडलंच नाही. त्याच रस्त्यावरचा एक प्रमाणपत्रधारक मुलाकडे मुंबईला कायमचा राहायला गेला आहे. तो आपला कागद महिना ३,००० रुपये भाड्यानं द्यायला तयार आहे आणि यजमानांनी त्याला ५,००० रुपये इसार देऊनही टाकला आहे. शेजारच्या दुकानदारांनी गाड्यांविरुद्ध तक्रार केली आहे. ताई विचारतात, “कागद नाही म्हणजे आम्ही चोरच ना? मग भाड्यानं का होईना, कागद घेतलेला बरा, की गाडी मोडीत काढून कुणाच्या तरी हॉटेलात कामाला लागू? शेजारीण म्हणता, सगळेच तसा करतत, तुकाच काय झाला?”

ताई,

आधी उत्तर देते, मग कारणं. कागद भाड्यानं घेऊ नका, आणि गाडीही एवढ्यात बंद करू नका. तुम्ही दोनच वाटा धरल्या आहेत. तिसरी वाट आहे ती तुमच्या स्वतःच्या नावानं अर्ज करण्याची. ती लांबची आहे आणि तिच्यासाठी नगर परिषदेत खेपा माराव्या लागतील. पण तिच्या शेवटी जो कागद मिळेल तो तुमचा असेल.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकला तो “चोर” हा शब्द. पहाटे चारला उठून तांदूळ वाटणारी बाई स्वतःला चोर म्हणते, ही गोष्ट मला सहन होत नाही. रस्त्याच्या कडेला माल विकणं हा धंदा करण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे आणि त्यावर वाजवी बंधनं घालता येतात, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच सांगितलं. २०१४ पासून तर पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा आणि पथविक्रीच्या नियमनाचा स्वतंत्र केंद्रीय कायदाच लागू आहे. ह्या कायद्यात नगर परिषदेवरही काही कामं टाकलेली आहेत. दर पाच वर्षांनी किमान एकदा विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं. त्यात सापडलेल्यांना विक्री प्रमाणपत्र द्यायचं. गावाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं. म्हणजे २० हजार वस्तीच्या गावात ५०० जणांना. आपल्या किनाऱ्यावरच्या गावांत एवढ्या गाड्या मोजून तरी सापडतील का? तेव्हा “जागा नाही” हे उत्तर ऐकून लगेच मागे फिरू नका.

कायद्याच्या तिसऱ्या कलमात असं आहे की सर्वेक्षण पुरं होऊन सगळ्या विक्रेत्यांना प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणालाही उठवायचं किंवा हलवायचं नाही. तुमच्या सासूबाईंचं नाव सर्वेक्षणात आहे आणि प्रमाणपत्र मिळालेलं नाही. म्हणजे तुमच्या गावात ते काम अर्धवट राहिलं, हे दाखवणारी चिठ्ठी तुमच्याच घरात आहे. आजच तिच्या झेरॉक्स काढा. ह्या एका चिठ्ठीवर सगळं सुटेल असं मी म्हणत नाही. नाव सासूबाईंचं आहे, तुमचं नाही. शिवाय रहदारी अडवून गाडी लावायची मुभा ह्या कलमानं कुणालाच मिळत नाही. पण सात दिवसांच्या फलकाला लेखी उत्तर द्यायला तुमच्याकडे मुद्दा आहे, आणि तो भक्कम आहे.

पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की बाजार वसुलीवाला रोज पावती फाडतो आणि सासूबाई त्या पावत्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या, तुम्हीही ठेवता. ताई, तुमच्या घरातली ह्या प्रकरणातली सगळ्यात मोलाची वस्तू तो डबा आहे. पावती फाडली म्हणजे परवानगी मिळाली, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. पावती जागेच्या फीची असते, तिनं परवाना मिळत नाही. पण त्या तारखेला तुमची गाडी त्या रस्त्यावर उभी होती, नगर परिषदेला ते ठाऊक होतं आणि तिनं त्याचे पैसे घेतले, एवढं त्या चिटोऱ्यानं सिद्ध होतं. तेव्हा एक दुपार काढा आणि डबा रिकामा करा. महिन्यामहिन्याचे गठ्ठे लावा. मशीनवर निघालेल्या पावत्यांची शाई उडते, त्यांचे आधी फोटो काढा. दर महिन्याची एक-एक स्वच्छ पावती कोऱ्या कागदावर चिकटवून तिची झेरॉक्स अर्जाला जोडा, मूळ पावत्या कुणालाही देऊ नका. सासूबाई गेल्यानंतरच्या पावत्या वेगळ्या ठेवा, कारण तुमचा स्वतःचा धंदा तिथून सुरू होतो.

आता भाड्याच्या कागदाबद्दल. प्रमाणपत्र घेताना प्रत्येक विक्रेता लिहून देतो की धंदा मी स्वतः किंवा माझ्या घरची माणसं करतील, मला उपजीविकेचं दुसरं साधन नाही, आणि हे प्रमाणपत्र मी भाड्यानं किंवा दुसऱ्या कुठल्याही प्रकारे कुणाला देणार नाही. मुंबईला गेलेल्या गृहस्थांनीही हे लिहून दिलेलं आहे. अटी मोडल्या तर त्यांचं म्हणणं ऐकून घेऊन प्रमाणपत्र रद्द करता येतं. त्या दिवशी तुमच्या हातात काय राहील? भाड्याची ना पावती, ना करार. ओळखपत्रावर फोटो त्यांचा. तपासणीला आलेल्या माणसानं “हे कोण तुमचे?” विचारलं की तुम्हाला खोटं बोलावं लागणार, आणि ते रोज बोलावं लागणार.

पण मला ह्याहून मोठी भीती वेगळीच वाटते. वर्षाला ३६,००० रुपये तुम्ही द्याल, आणि कागदोपत्री ते वर्ष त्यांच्या नावावर जमा होईल. पुढच्या सर्वेक्षणात गाडीशी उभ्या तुम्ही असाल आणि नोंद होईल त्यांची. पंतप्रधान स्वनिधी योजनेत पथविक्रेत्याला विनातारण कर्ज मिळतं, पहिल्या खेपेला १५,००० पर्यंत, ते फेडलं की २५,००० आणि मग ५०,०००. तेही प्रमाणपत्रावर किंवा नगर परिषदेच्या शिफारसपत्रावर ज्याचं नाव त्याला. सासूबाईंनी इतकी वर्षं गाडी चालवून त्यांच्या नावाचं प्रमाणपत्र काही मागे राहिलं नाही. तुमच्या बाबतीत तसं होऊ देऊ नका.

शेजारणीचं म्हणणं खरं आहे, बरेच जण असं करतात. त्यामुळेच तर खऱ्या विक्रेत्याला जागा मिळत नाही. गाडी न लावणाऱ्याच्या नावावर प्रमाणपत्र अडकून पडतं आणि रोज उन्हात उभी राहणारी बाई अनधिकृत ठरते.

तर मग अर्ज. दोन सर्वेक्षणांच्या मधल्या काळात एखाद्याला विक्री करायची असेल, तर नगर पथविक्रेता समिती (ह्याच कायद्याखाली गावात नेमायची समिती, तिच्यात विक्रेत्यांचे प्रतिनिधीही असतात) त्याला प्रमाणपत्र देऊ शकते, अशी सोय कायद्यातच आहे. “आता पुढच्या सर्वेक्षणाला या” असं खिडकीवर कुणी म्हणालं तर हे शांतपणे सांगा. समितीचे अध्यक्ष मुख्याधिकारी असतात, अर्ज त्यांच्या नावानं करा. अर्जात चार-पाच गोष्टी स्पष्ट लिहा: केव्हापासून विकता, कुठे आणि किती वाजता, काय विकता, सासूबाईंच्या सर्वेक्षणाच्या पोचेचा क्रमांक, आणि घरात तुमच्या गाडीशिवाय तुमचं स्वतःचं दुसरं उत्पन्न नाही हे. यजमान खलाशी आहेत म्हणून अडेल असं समजू नका, अट विक्रेत्याच्या स्वतःच्या साधनाबद्दल आहे. प्रमाणपत्र देताना महिलांना प्राधान्य देता येतं असंही कायदा म्हणतो, ते एका ओळीत लिहा. सोबत आधार, रेशनकार्ड, अधिवासाचा दाखला, सासूबाईंचा मृत्यूचा दाखला, पावत्यांच्या झेरॉक्स आणि गाडीसमोर उभं राहून काढलेला फोटो जोडा.

अर्ज आवक-जावक खिडकीवरच द्या. साहेबांच्या टेबलावर ठेवलेला किंवा ओळखीच्या नगरसेवकाच्या हाती दिलेला अर्ज पुढे कुठे जातो ते कुणाला सांगता येत नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. महिनाभरात हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका आणि विचारा: समितीची शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्ताची प्रत द्या, सर्वेक्षणात किती नावं लागली आणि किती प्रमाणपत्रं दिली. त्यांना ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुष्कळदा असा अर्ज गेला की झोपलेली फाईल जागी होते. नकार मिळाला तर तो लेखी मागा, समितीच्या निर्णयावर नगर परिषदेकडे अपील करता येतं.

ह्या दिवसांत जप्तीची गाडी आलीच तर हातघाईवर येऊ नका. अर्जाची शिक्क्याची प्रत दाखवा. तरीही माल उचलला तर उचललेल्या वस्तूंची यादी मागा. यादी करून तिची प्रत विक्रेत्याला द्यायची, नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच सोडायचा आणि बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत, असं कायद्यात आहे. तवा, शेगडी, सिलिंडर, पातेली किती होती, हे मोबाइलवर रोज सकाळी एक फोटो काढून ठेवलात तर नंतर वाद राहत नाही.

आता एक गोष्ट तुमच्या मनात पक्की बसलेली दिसते, ती जरा हलवून बघू. प्रमाणपत्र म्हणजे जेटीजवळची ती ठरावीक जागा, असं तुम्ही धरून चालला आहात. कायद्यात स्थिर विक्रेता आणि फिरता विक्रेता असे वेगळे प्रकार आहेत. तुम्ही तर सकाळी एका ठिकाणी आणि संध्याकाळी दुसऱ्या ठिकाणी असता, मुळात फिरत्याच आहात. अर्जात जेटीचीच जागा मागितलीत तर तिथे दुसरीच अडचण उभी राहू शकते. ती जमीन कुणाची आहे? आपल्याकडे जेटी आणि तिच्या लगतचा बराच भाग महाराष्ट्र सागरी मंडळाकडे असतो. भरतीरेषेजवळच्या वाळूला किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात. महामार्गाच्या हद्दीतली जागा महामार्गवाल्यांची. ह्यातली कुठलीच जागा नगर परिषद आपल्या सहीनं तुम्हाला देऊ शकत नाही. दिली तरी उद्या दुसरं खातं उठवेल. म्हणून आधी नगर परिषदेत शहराचा नकाशा बघायला मागा, विक्री क्षेत्र आणि ना-फेरीवाला क्षेत्र कुठे धरलंय ते बघा, आणि फिरत्या विक्रेत्याचा अर्ज करून दोन वेळा, दोन रस्ते लिहा. जेटीच्या शंभर पावलं अलीकडे, नगर परिषदेच्या रस्त्यावर रीतसर उभं राहिलात तरी होडीतून उतरलेला पर्यटक तुमच्याच समोरून जाणार आहे.

पावसाळ्याचंही बघा. जूनपासून आपल्याकडे होड्या बंद, पर्यटक नाही, हातगाड्या ताडपत्रीखाली. नेमक्या त्याच दिवसांत कुणी मोजणीला आलं तर रस्ता रिकामा दिसणार. सर्वेक्षण ऑक्टोबर ते मे ह्या काळात करा, असा लेखी आग्रह कोकणातल्या विक्रेत्यांनी धरायला हवा, आणि तो एकट्यानं धरून भागणार नाही. समितीत पथविक्रेत्यांचे प्रतिनिधी ४० टक्क्यांहून कमी असता कामा नयेत, आणि त्यांत एक तृतीयांश महिला हव्यात. तुमच्या गावात त्या खुर्च्यांवर कोण बसलंय, हे विचारलंत का कधी? रिकाम्या असतील तर तुमच्या रस्त्यावरच्या बायकांनी, एकाच बचत गटातल्या असाल तर अधिकच चांगलं, एक बैठक घ्यावी आणि तसं पत्र द्यावं.

दुकानदारांना तुम्ही “जळके” म्हटलंय. काही जळत असतीलही. पण त्यांच्या जागी उभं राहून बघा. ते घरपट्टी भरतात, दुकानाचे परवाने सांभाळतात, आणि त्यांच्या पायरीसमोर उसळीच्या पातेल्याचं खरकटं पाणी वाहतं. मे महिन्यात आणि नाताळात आपल्या बाजारपेठांतले रस्ते एवढे तुंबतात की रुग्णवाहिका अडकते. नगर परिषदेची ती चिंता खोटी नाही. तक्रार करणाऱ्यांत सगळ्यात जवळचं दुकान ज्याचं आहे, त्याच्याशी तुम्ही स्वतः बोला. गाडी शटरपासून हातभर दूर, खरकटं पाणी बादलीत साठवून घरी, ओल्या कचऱ्याचा डबा झाकणाचा आणि तो रात्री आपणच न्यायचा. एवढं आठ दिवस करून दाखवा आणि मग त्याच्याकडून “ह्या गाडीबद्दल माझी तक्रार नाही” असं दोन ओळींत लिहून मिळतंय का बघा. मिळालं तर अर्जाला त्या चिठ्ठीनं मोठं वजन येईल.

प्रमाणपत्रानं गाडी उभी करायची परवानगी मिळते. अन्न विकायचं तर अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी वेगळी लागते, लहान विक्रेत्यासाठी ती सोपी आणि स्वस्त आहे. महा ई-सेवा केंद्रावर अर्ज भरून घेता येईल, पण नोंदणीचा १४ अंकी क्रमांक तुमच्या मोबाइल नंबरावर येईल असं पाहा, एजंटाच्या नाही. तो क्रमांक गाडीवर रंगवून घ्या. बाकी दोन-तीन गोष्टींत हयगय नको. सोलकढीत घालायचा बर्फ मासळीच्या बर्फ कारखान्याचा चालत नाही. खाण्याचा आणि मासळीचा बर्फ ओळखू यावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फाला निळा रंग घालायचा नियम आहे. त्यापेक्षा घरी उकळून गार केलेल्या पाण्याचा बर्फ करून थर्मासच्या पेटीत न्या, आणि नारळाचं दूध गाडीवर तासन् तास उघडं ठेवू नका, थोडं थोडं कालवा. वडे वर्तमानपत्रावर काढू नका. थर्माकोलच्या ताटल्या राज्यात २०१८ पासून बंद आहेत आणि पहिलाच दंड ५,००० रुपये आहे. पत्रावळी आपल्याकडे मिळतात, त्या वापरा. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदा आहे आणि जप्तीला ते आयतं निमित्त होतं, व्यावसायिक सिलिंडरच घ्या.

हॉटेलात कामाला जायचं म्हणता, त्यात कमीपणा काहीच नाही. पगार ठरलेला, सिलिंडरची काळजी नाही, जप्तीची नाही. घरात आजारपण असेल किंवा गाडीवर खरंच काही उरत नसेल तर मी उलट म्हणेन, जा. म्हणून एक महिना वहीत रोजचा खर्च आणि रोजचा गल्ला मांडा, स्वतःच्या मजुरीचेही पैसे धरा आणि मग ठरवा. फक्त हे लक्षात ठेवा की पूर्णवेळ नोकरी धरलीत तर “दुसरं साधन नाही” हे तुम्हाला लिहून देता येणार नाही, आणि पावत्यांची साखळीही तुटेल. पावसाळ्यापुरतं जुजबी काम बघणं वेगळं, पण गाडी सोडायची तर पूर्ण विचार करून सोडा.

अशाच अडचणीतल्या इतर वाचकांसाठीही थोडं. हा २०१४ चा कायदा शहरांचा आहे: महानगरपालिका, नगर परिषद, नगर पंचायत. तारकर्ली, गणपतीपुळे, काशीद अशा ठिकाणी ग्रामपंचायत आहे, तिथे विक्री प्रमाणपत्राची ही पद्धत थेट लागू होत नाही. तिथल्यांनी ग्रामपंचायतीची लेखी परवानगी घ्यावी, ग्रामसभेत विषय मांडून ठराव करून घ्यावा, आणि जागा कुणाच्या मालकीची हे सातबाऱ्यावर बघून मगच पैसे गुंतवावेत. वाळूवर झोपडीवजा उपाहारगृह काढायचं असेल तर ती वेगळी गोष्ट आहे. राज्याच्या २०२० च्या चौपाटी कुटी धोरणात सुरुवातीला तारकर्ली, कुणकेश्वर, गुहागर, आरे-वारे, दिवेआगर, वरसोली अशा मोजक्या किनाऱ्यांचीच नावं होती. टेम्पोत स्वयंपाकघर बसवणाऱ्यांनी गाडीतला बदल आरटीओकडून आधी मंजूर करून घ्यावा. पत्रा कापून झाल्यावर विचारायला गेलेल्यांचे पैसे वाया गेलेले आहेत.

राहता राहिला तुमच्या यजमानांनी दिलेला इसार. त्यांच्यावर चिडू नका. ते दहा-दहा दिवस समुद्रावर असतात आणि त्यांना तुमची गाडी वाचवायची होती. त्या गृहस्थांना फोन करून दोघांनी मिळून सांगा की असा व्यवहार केला तर तुमचंही प्रमाणपत्र जाईल आणि आमचाही अर्ज अडेल, तेव्हा पैसे परत करा. ते परत येऊन गाडी लावणार नसतील तर प्रमाणपत्र समितीकडे परत करण्याचं त्यांना सुचवून बघा. पैसे बुडाले तर ५,००० बुडाले, पण ते वसूल व्हावेत म्हणून पुढचे ३,००० भरू नका. अर्जाला आवक क्रमांक मिळाला की मला कळवा, आणि खिडकीवर काय उत्तर मिळालं तेही शब्दशः लिहा. पुढच्या पत्रात तिथून पुढे बोलू.